मिटता येणारी सूचना

माझे मामा तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह आहेत. मी पुण्यात वेबसाइट बांधण्याचं काम करते. वाचनालयाची साइट मीच करून दिली आहे. पुस्तकांची यादी, लेखकाचं नाव घालून शोधायची सोय, वेळा, दिवाळी अंक योजनेचा अर्ज असं सगळं तिच्यावर आहे. फेब्रुवारी संपत आला की थकलेल्या वर्गणीचा विषय निघतो. यंदा मामांचा फोन आला, "साइट उघडली की आधी वर्गणीची सूचना दिसली पाहिजे. पडदाभर. आणि ती कुणाला बंद करता येता कामा नये."

मी नाही म्हटलं. कारण ऐकल्याशिवाय मामा कुठलाही नकार सोडत नाहीत, म्हणून शनिवारी गावी गेले. दुपारी देवघेव बंद असते. मुक्त वाचन कक्षात आम्ही दोघंच होतो. तिथे झालेलं बोलणं पुढे देते आहे. पडद्यावर आलेली सूचना वाचकाला बाजूला सारता यावी की नाही, हा प्रश्न फोन हातात घेणाऱ्या प्रत्येकाला दिवसातून अनेकदा भिडतो. त्याचं उत्तर माझ्यासारखं कुणीतरी आधीच बसून लिहिलेलं असतं. ते लिहिताना काय काय डोळ्यांआड होतं, हे मला त्या दुपारी कळलं.

मामा: हा दारासमोरचा फलक बघ. सत्तावीस वर्षं मी त्यावर खडूने लिहितोय. आजवर एकाही सभासदाने तो झाकून टाका म्हटलेलं नाही. सूचना लावली की ती असतेच. मग पडद्यावरच्या सूचनेलाच कोपऱ्यात फुली कशाला?

मी: फलक भिंतीवर आहे, मामा. तो कपाटाच्या दाराला टांगलेला नाही. वाचायचा तो वाचतो, नाही तो वळून कादंबऱ्यांकडे जातो. फोनच्या पडद्याला भिंतच नसते. तळहाताएवढी जागा, तिथे जे ठेवू ते वाटेतच उभं राहतं. म्हणून बाजूला सारायची सोय द्यावी लागते.

मामा: आणि वाटेत उभं राहिल्याशिवाय कुणी बघतच नसेल तर? गेल्या जुलैत छप्पर गळायला लागलं, वाचनालय चार दिवस बंद ठेवलं. साइटवर सूचना टाकली होती. तरी आपले गुरुजी तेरा किलोमीटरवरून एसटीने आले, पिशवीत बदलायची दोन पुस्तकं घेऊन. बाहेर पाऊस आणि दाराला कुलूप. नंतर मी विचारलं, साइट बघितली नव्हती का? म्हणाले, बघितली होती, पण सूचना काही दिसली नाही. आता सूचना तर होती. म्हणजे आली, यांनी न वाचता मिटली आणि विसरले. मिटायची सोय नसती तर म्हाताऱ्या माणसाचा हेलपाटा वाचला असता.

मी: न वाचता मिटली असेल, तर त्यात गुरुजींपेक्षा आमचा दोष जास्त आहे. ती सवय आम्ही लावली. जावास्क्रिप्टचं पहिलं रूप ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत लिहिलं. त्या भाषेमुळे पानाला स्वतःहून दुसरी खिडकी उघडता यायला लागली. त्याच दशकात ट्रायपॉड नावाच्या कंपनीत ईथन झुकरमन काम करत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली. जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून त्याने ती नव्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पुढे त्या पॉप-अप जाहिरातींनी लोकांना किती छळलं हे सगळ्यांनी पाहिलं. २०१४ मध्ये त्याने 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून जाहीर माफी मागितली.

मामा: माफी मागितल्यावर खिडक्या थांबल्या का?

मी: खिडक्या त्याच्या बऱ्याच आधी थांबल्या. २००४ च्या सुमाराला ब्राउझरच त्या अडवायला लागले. मग तोच आग्रह पानाच्या आत शिरला. पानावरच काढलेली चौकट आणि पानाचा मजकूर यांत ब्राउझरला सहज फरक करता येत नाही, त्यामुळे अडवणंही अवघड जातं. तेव्हापासून लोक पान उघडतात आणि मजकुराआधी फुली शोधतात. बोट आपोआप तिकडे जातं.

मामा: म्हणजे लबाडांनी सवय बिघडवली आणि भोगायचं माझ्या सूचनेने.

मी: भोगावं लागतंच. नवा शिक्षक वर्गात आला की आधीच्या शिक्षकाने लावलेल्या सवयींपासूनच त्याला सुरुवात करावी लागते. आणि मिटायची सोय काढून टाकली तरी वाचक अडकून बसत नाही. तो अख्खी साइटच बंद करतो. वर्गणीची सूचनाही गेली आणि पुस्तकांची यादीही गेली. शिवाय पान उघडताच मजकूर झाकणारी चौकट फोनवर आणली, तर ते पान शोधात खाली जाऊ शकतं, असं गूगलने जानेवारी २०१७ पासून ठरवलं आहे. बेताची जागा घेणारी आणि सहज मिटणारी पट्टी चालते.

मामा: मला गूगलचं सांगू नकोस. २०२३ मध्ये सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली होती, आठवतं? सगळ्यांचे फोन एकदम केवढ्याने वाजले. पडद्यावर दुसरं काही दिसत नव्हतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आमची वाट अडवता.

मी: कारण तसं करण्याइतकं मोठं कारण होतं. तरी त्या इशाऱ्याखालीसुद्धा 'ओके' होतं. पूर येतोय हे सांगणारी सूचना मिटता येते, मामा. आपली वर्गणी पुरापेक्षा मोठी आहे का?

मामा: वाचनालयाच्या खात्यापुरती आहे. अनुदान येईल तेव्हा येतं, विजेचं बिल दर महिन्याला येतं. तू पडद्याकडून बघतेस, मी कपाटाकडून बघतो. नवी पुस्तकं वर्गणीतून येतात, आणि वर्गणी न भरणाराच विचारतो, नवीन काही आलं नाही का?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही. सूचना देणाऱ्याचीही गरज खरी असते. सगळेच आग्रह जाहिरातवाल्यांचे नसतात.

मामा: बरं, मिटता येऊ दे. पण मग फुली का? आपल्या एक आजी आहेत, नव्वदीला टेकलेल्या. नातीच्या फोनवर यादी बघतात. दिवाळी अंकांची सूचना आली तेव्हा फोन घेऊन इथे आल्या आणि विचारलं, "ही फुली दाबली तर माझं नाव कमी होईल का?" हसू नकोस. आपल्याकडे फुली म्हणजे चूक. चुकलेल्या गणितावर मास्तर फुली मारतात. वहीतून नाव कमी करायचं तर त्याच्यापुढे फुली. एखाद्या गोष्टीवर फुली मारली म्हणजे ती कायमची संपली. ज्या सूचनेत सभासदत्वाचा विषय आहे, तिच्यावरची फुली म्हातारं माणूस कसं दाबेल?

मी हसले नव्हते. अनेक वर्षं मी ते चिन्ह चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवत आले, आणि मराठीत त्याचा अर्थ काय होतो हा विचार मनात आला नव्हता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ही कोपऱ्यातली फुली घरोघर पोचवली. जावास्क्रिप्टही त्याच वर्षातली. मी दोन्ही गोष्टी तयार उचलल्या होत्या.

मी: आजींची भीती खुळी नाही. २०१६ मध्ये विंडोज १० बसवण्याचा आग्रह करणारी एक चौकट यायची. लोक तिची फुली दाबायचे आणि नको म्हटलं असं समजायचे. मायक्रोसॉफ्ट मात्र ते नकार धरत नव्हती. ठरलेल्या वेळी नवी आवृत्ती बसणार, हे तसंच राहायचं. बरीच टीका झाली तेव्हा त्यांनी ते बदललं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसव्या मांडणीचे १३ प्रकार त्यात नावानिशी आहेत. फुली दाबल्यावर चौकट मिटण्याऐवजी दुसरी जाहिरात उघडणं, हे त्यातलंच एक उदाहरण आहे.

मामा: आपल्याला फसवायचं नाहीच. जाणीव करून द्यायची आहे. फुलीऐवजी बटणावर लिहू, 'वर्गणी भरत नाही, वाचनालय बंद पडलं तरी चालेल.' असं दाबताना माणूस थांबेल.

मी: थांबेल, आणि मनातून दुखावेल. तो प्रकारही त्या तेरांत आहे. विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असं निवडायला लावायचं. नको म्हणणाऱ्याच्या तोंडी वाकडं वाक्य घालायचं. देवघेवीच्या टेबलावर तुम्ही कुणाला असं बोलाल का?

मामा: नाही. टेबलावर नाही बोलणार.

मी: मग पडद्यावरही नको.

मामा: पटलं. मग सोपं करू. सूचना येऊ दे आणि पाच सेकंदांनी आपोआप जाऊ दे. कुणाला काही दाबायला नको.

मी: त्याला आम्ही टोस्ट म्हणतो. भाजलेल्या पावासारखं वर येतं आणि जातं. अँड्रॉइडवर त्याच्या दोनच मुदती असतात, सुमारे दोन सेकंद किंवा साडेतीन. 'पुस्तक राखून ठेवलं' एवढंच सांगायचं असेल तर पुरतं. रक्कम, तारीख, भरायची जागा सांगायची असेल तर पुरत नाही. आपले निम्मे सभासद साठीच्या पुढचे. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर येईपर्यंत सूचना गेलेली असेल. ती कधी जावी हे वाचकाने ठरवावं, घड्याळाने नको.

मी लॅपटॉप उघडला. मिटवायचं बटण आतून कसं असतं ते मामांना दाखवायचं होतं, कारण वाद आता शब्दांत अडकला होता आणि गोष्ट हाताने करायची होती.

मी: आधी बटण. कितीतरी लोक साध्या मजकुराच्या तुकड्यात गुणाकाराचं चिन्ह टाकतात आणि त्यावर क्लिक बसवतात. डोळ्यांना ते बटण दिसतं, पण ब्राउझरच्या लेखी ते बटण नसतं. कीबोर्डवरच्या टॅबने तिथे पोचता येत नाही, एंटर दाबून काही होत नाही. आपले जे अंध सभासद बोलकी पुस्तकं नेतात, ते फोनवर टॉकबॅक ही पडदा वाचून दाखवणारी सोय लावून साइट ऐकतात. त्यांना काय ऐकू येणार? फार तर 'गुणिले'. म्हणून बटण हे खरोखरचं बटण घ्यायचं आणि त्याला नाव द्यायचं, 'वर्गणीची सूचना मिटा'. कोपऱ्यात चिन्ह काहीही असो, कानाला ते नाव ऐकू जातं.

मामा: आणि बोट? माझं बोट त्या फुलीवर पडत नाही. बाजूच्या जाहिरातीवर पडतं.

मी: तेही मापात बसवलेलं आहे. सर्वांना वापरता येतील अशी पानं कशी करावीत याचे नियम डब्ल्यूसीएजी नावाने आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत दाबायची जागा निदान २४ बाय २४ पिक्सेल हवी असं म्हटलं आहे. ॲपल ४४ पॉइंट सांगतं. चिन्ह लहान दिसलं तरी त्याच्या भोवतीची दाबायची जागा मोठी ठेवता येते. मी ४८ ठेवते, तुमच्या अंगठ्याला लागेल तेवढी. आणि सूचना वरून उशिरा उतरली की खालचा मजकूर सरकतो, बोट भलतीकडे पडतं. म्हणून तिची जागा आधीच राखायची, किंवा ती पडद्याच्या तळाशी आणायची.

मामा: दाबल्यावर ती जाते कुठे?

मी: इथे फार घोळ होतात. एक माणूस तिला नुसती पारदर्शक करतो. दिसत नाही, पण काचेसारखी तिथेच असते. खालची यादी दिसते आणि दाबली तर हलत नाही. वाचकाला वाटतं फोन बिघडला. दुसरा ती लपवतो, तिसरा पानातून काढूनच टाकतो. लपवली किंवा काढली तर ठीक, पण मिटण्याआधी वाचक जिथे होता तिथे त्याला परत नेऊन सोडायचं. नाहीतर ऐकून वाचणारा माणूस पानाच्या तोंडाशी फेकला जातो. पूर्वी हे सगळं आम्ही हाताने लिहायचो आणि त्यात चुका राहायच्या. मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत 'डायलॉग' नावाचा तयार घटक चालतो. तो उघडला की मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप दाबलं की मिटतो आणि वाचकाला आधीच्या जागी आणून सोडतो. आपल्याला मात्र तो इथे नको. तो मुख्यतः वाट पूर्ण अडवण्यासाठी आहे. नोंद कायमची पुसायची असेल तिथे विचारायला तो योग्य. वर्गणीला साधी पट्टी पुरे.

मामा: हे झालं मिटण्याचं. मिटल्यावर काय? दारावर झाडू विकायला येतो ना, त्याला 'आज नको' म्हटलं की तो पुढच्या आठवड्यात येतो. 'आहे घरात' म्हटलं की महिन्याने विचारतो. 'नकोच' असं जोरात म्हटलं की आपलं दार टाळतो. त्याला आवाजावरून कळतं. तुझ्या फुलीला यातलं कुठलं 'नको' कळतं?

मी: फुलीला फक्त बोट लागल्याचं कळतं. त्या 'नको'चा अर्थ काय धरायचा, हे कोड लिहिणारा ठरवतो. प्रत्येक साइटला ब्राउझर एक छोटी वही देतो, लोकल स्टोरेज म्हणतात तिला. मिटल्यावर आपण तिच्यात एक नोंद करतो. पुढच्या वेळी पान उघडताना आधी वही बघायची. नोंद असेल तर सूचना दाखवायची नाही. थांबा, आपल्या साइटवरची ओळ दाखवते.

ती ओळ मला लगेच सापडली. पडद्याकडे बघत मी गप्प बसले. नोंदीचं नाव होतं 'सूचना-मिटली' आणि तिच्यापुढे होतं 'हो'. कुठली सूचना, कधी मिटली, काहीच नाही. पुढे टाकलेल्या प्रत्येक सूचनेसाठी कोड हीच एक नोंद बघत होता.

मी: मामा, गुरुजींनी दिवाळी अंकांची सूचना मिटली होती का?

मामा: छपराच्या आधीच्या ऑक्टोबरातली? मिटली असणार. योजनेत पहिलं नाव त्यांचंच होतं. नाव दिल्यावर ती ठेवून काय करतील?

मी: मग छपराची सूचना त्यांना आलीच नाही. त्यांच्या फोनवर 'मिटली, हो' असं आधीच लिहिलेलं होतं. ऑक्टोबरात एका गोष्टीला नको म्हटलं, ते मी जुलैतल्या दुसऱ्या गोष्टीलाही लावलं. गुरुजी खरं बोलत होते. सूचना दिसलीच नव्हती.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी जे सांगत होते ते चूक नव्हतं. सवय बिघडली आहे हेही खरं, वाट अडवू नये हेही खरं. पण गुरुजींनी न वाचता मिटली असेल, हे मीही किती सहज धरून चालले होते. वाचकाच्या बाजूने बोलता बोलता त्याच वाचकाच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवला नव्हता.

मामा: किती जणांचं असं झालं असेल?

मी: ज्यांनी दिवाळी अंकांची सूचना मिटली, त्यांतल्या बहुतेकांचं. आता प्रत्येक सूचनेला तिचं स्वतःचं नाव देते. 'छप्पर-जुलै', 'वर्गणी-मार्च'. आणि 'हो'च्या जागी मिटल्याची तारीख. तारीख असली की पुन्हा कधी विचारायचं ते ठरवता येतं.

मामा: अजून एक. कोपऱ्यातला तो संगणक. सकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, दुपारी बायका, संध्याकाळी कुणीही. सकाळी साडेसातला पहिल्या मुलाने वर्गणीची सूचना मिटली, तर ती पुढे कुणालाच दिसणार नाही ना?

मी: नाही दिसणार. वही ब्राउझरची असते, माणसाची नसते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोन एका माणसाचा असतो असं मी धरलं होतं, आणि आपल्याकडे फोनसुद्धा घरात फिरतो. आजी नातीच्या फोनवर बघतात, म्हणजे नातीने मिटलेली सूचना आजींनाही गेली. संगणकासाठी दुसरी वही वापरते, सेशन स्टोरेज. टॅब बंद झाला की तिच्यातली नोंद जाते. त्या संगणकावर साइट उघडायचा पत्ता थोडा वेगळा ठेवू, म्हणजे कोडला कळेल. फोनचं मात्र वहीच्या भरवशावर पुरतं जमणार नाही. कधी उलटही होतं. सफारी रोज वापरात असून सात दिवस आपल्या साइटला हात लागला नाही, तर ती आपण लिहिलेली वहीच पुसते. मिटलेली सूचना परत उगवते.

मामा: म्हणजे मिटलेलं कुठेतरी सापडलं पाहिजे. फलकावरचा मजकूर मी पुसतो तेव्हा आधी सूचना वहीत उतरवून ठेवतो. कुणी विचारलं तर दाखवता येतं.

मी: तेच करू. 'सूचना' नावाचं एक पान. तारखेप्रमाणे सगळ्या सूचना तिथे, मिटलेल्या असोत की नसोत. नातीने मिटली तरी आजींना तिथे मिळेल.

मामा: मग बटणावर 'बंद करा' लिहू नकोस. 'बंद' म्हटलं की आजींना वाटेल सभासदत्व बंद. 'मिटा' लिही. आपण पुस्तक मिटतो. मिटलं म्हणून ते नाहीसं होत नाही, कपाटात असतं. हवं तेव्हा पुन्हा उघडता येतं.

मी फुली काढली आणि तिथे 'मिटा' लिहिलं. दोन अक्षरांना फुलीपेक्षा जागा थोडी जास्त लागली, पण दाबायची जागा तशीही मोठी करायचीच होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही सूचनांचे तीन वर्ग पाडले. वाचनालय बंद असल्याची सूचना मिटली तरी पूर्ण जाणार नाही. तिची एक ओळ होऊन ती वेळांच्या शेजारी बसेल आणि वाचनालय उघडायच्या दिवशी आपोआप निघेल. हा मामांचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. ज्या गोष्टीने माणूस पावसात तेरा किलोमीटर फुकट येतो, ती एका बोटाने नाहीशी होऊ नये. दिवाळी अंकांसारखं निमंत्रण एकदा मिटलं की त्या नावाने पुन्हा येणार नाही. वर्गणीच्या पट्टीवर दोन बटणं, 'वर्गणी भरली आहे' आणि 'आत्ता मिटा'. पहिलं दाबलं तर पुढच्या वर्षापर्यंत शांतता. दुसरं दाबलं तर काही दिवसांनी पुन्हा आठवण.

किती दिवसांनी, यावर मात्र एकमत झालं नाही. मामा सात म्हणाले, मी तीस. मी म्हटलं, पुन्हापुन्हा टोचणं हाही त्या तेरांतला एक प्रकार आहे. मामा म्हणाले, महिन्याने आठवण केली तर मार्च संपलेला असेल. शेवटी पंधरा लिहिले. कोडमध्ये तो आकडा वेगळ्या ओळीवर ठेवला आहे, बदलायला सोपा जाईल असा. मार्चअखेर वर्गणीची वही बघून पुन्हा बोलायचं ठरलं.

देवघेव सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मामांनी टेबलावरचा फोन उचलला आणि गुरुजींना लावला.

"गुरुजी, गेल्या जुलैतलं. ती सूचना तुम्हाला आलीच नव्हती. तुमचं बरोबर होतं. चूक आमच्या साइटची होती. थांबा, जिने साइट केली तिला देतो."

मी फोन घेतला आणि माफी मागितली. कसं घडलं ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"तेच मी तुझ्या मामांना सांगत होतो," गुरुजी म्हणाले. "मी आलेली सूचना वाचतो. ती दिसलीच नव्हती."